जुन्या फोटोचे साल आणि कडेचा हात



न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक जुना फोटो गेली चाळीसएक वर्षे टांगलेला आहे. मुंबई सोडताना ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून आणलेला. घरी पाहुणे आले की आम्ही सांगत असू, "हे मधे बसलेले आमचे खापरपणजोबा, पलटणीतले सुभेदार. सत्तावनच्या बंडाच्या साली काढलेला फोटो आहे." वडिलांनी आम्हांला असेच सांगितले होते आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. आम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, मुलांना "याला पुरावा काय?" म्हणून विचारून भंडावून सोडले; पण आपल्याच भिंतीवरच्या फोटोला तो प्रश्न कधी विचारला नाही.

तो विचारला आमच्या नातीने. तिला शाळेत घराण्याचा इतिहास लिहून न्यायचा होता. ती म्हणाली, "आजोबा, १८५७ मध्ये असे पुठ्ठ्यावरचे फोटो निघत होते का?" आम्ही गप्प बसलो, आणि दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवरून खाली काढला.

आधी फोटोत काय दिसते ते सांगतो. मधोमध खुर्चीवर साठीच्या घरातले गृहस्थ, डोक्याला पागोटे, कोटावर एक पदक. शेजारी त्यांची बायको, नऊवारीत. मागे दोन तरुण मुलगे उभे. धाकट्याच्या बाजूला त्याची बायको, म्हणजे आमची पणजी. पुढे जमिनीवर सातएक वर्षांचा मुलगा, म्हणजे आमचे आजोबा. आणि अगदी उजव्या कडेला दहाएक वर्षांची झगा घातलेली मुलगी. त्या मुलीच्या खांद्यावर एक हात आहे. बांगड्या भरलेला बाईचा हात. हाताची बाई मात्र फोटोत नाही. तिथे पुठ्ठा संपतो. घरात सांगत, "ती शेजाऱ्यांची पोर, आणि हात तिला सांभाळणाऱ्या कामवालीचा."

आता सालाकडे वळू. मुंबईत १८५७ च्या आधीही फोटो निघत होते, हे खरे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पुढच्याच वर्षी फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. आपल्या समाजाचेही १८५६ सालचे एक चित्र प्रसिद्ध आहे: फ्री जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन आणि रॉबर्ट मनी स्कूल येथील आपले बेने इस्राएल मास्तर. तेव्हा "त्या काळी फोटो कुठले?" असे म्हणून भागणारे नव्हते. फोटोचाच कागद आणि पुठ्ठा तपासणे भाग होते.

आमच्या भागातील वाचनालयात जुने फोटो घेऊन या आणि माहिती मिळवा, असा एक दिवस असतो. आम्ही फोटो चौकटीतून सोडवून तिथे नेला. तिथल्या बाईंनी आधी पट्टीने पुठ्ठा मोजला. उंची साडेसहा इंच, आणि रुंदी चार इंचांहूनही कमी. त्या म्हणाल्या, "हा कॅबिनेट कार्डाचा पुठ्ठा, पण त्याची रुंदी सव्वाचार इंच असते. याची एक बाजू कापली आहे." कॅबिनेट कार्ड लोकांत आले ते १८६६ च्या सुमारास. त्याच्या आधी चालत ती लहान व्हिझिटिंग कार्डे, अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच, आणि त्यांचीही लाट १८६० च्या आगेमागे आली. म्हणजे सत्तावन साल पहिल्याच मोजणीत निकालात निघाले.

पण फोटो जुना आणि पुठ्ठा नवा, असेही होऊ शकते. जुन्या फोटोचा पुन्हा फोटो काढून तो नव्या पुठ्ठ्यावर चिकटवीत. अशा प्रतीत बारकावे बोथट होतात आणि मूळ फोटोच्या सुरकुत्या, टाचणीची भोके हीही चित्रात उतरतात. आमच्या फोटोत तसे काही नाही. लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा स्वच्छ दिसतो. मग बाईंनी भिंग दिले. जुना कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे, आणि त्या पातळ थराखाली कागदाचे तंतू भिंगातून दिसतात. पुढे जिलेटिनचे कागद आले, त्यांत मधे पांढऱ्या बॅराइटाचा थर असतो आणि तो तंतू झाकून टाकतो. आमच्या फोटोत तंतू दिसत नाहीत. पुठ्ठाही जाड, काळपट हिरवा, कडेला सोनेरी रेघ. हे सगळे १८९० च्या आसपास आणून सोडते.

तिसरी गोष्ट पदक. इथे आम्हांला आमचा इतिहास उपयोगी पडला. पदकावर लहान मुकुट, खाली नऊ टोकांचा तारा, मधे व्हिक्टोरिया राणीचे डोके. हे ॲबिसिनियाच्या मोहिमेचे पदक. इंग्रजीत ॲबिसिनिया लिहायला नऊ अक्षरे लागतात, आणि ताऱ्याच्या टोकांमध्ये एकेक अक्षर कोरलेले असते. सर रॉबर्ट नेपियर तेव्हा मुंबईच्या सैन्याचे सरसेनापती. १८६७ साली ते मुंबई इलाख्याच्या पलटणी घेऊन समुद्रापार गेले आणि १८६८ च्या एप्रिलमध्ये मग्दाला सर झाले. पदक मंजूर झाले १८६९ साली. ते छातीवर असलेला माणूस १८५७ च्या फोटोत बसणे शक्यच नाही. घरची गोष्ट अगदीच पोकळ नव्हती: खापरपणजोबा फौजेत होते, लढाईवर गेले होते. लढाईचे साल आणि फोटोचे साल यांची मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगताना गल्लत झाली.

चौथी गोष्ट कपडे. अमेरिकेत फोटोची तारीख लावतात ती बहुतेक बायकांच्या पोशाखावरून. घेरदार कळसूत्री परकर म्हणजे १८६० चे दशक, मागे उंच फुगवटा असलेला झगा म्हणजे १८७० नि १८८० ची दशके, आणि खांद्याला फुगा असलेली मोठी बाही म्हणजे १८९० नंतरची काही वर्षे. आम्ही हसून म्हणालो, "बाई, आमच्या पणजीच्या नऊवारीला घेर कुठला आणि फुगवटा कुठला!" पुण्याहून १८७४ साली निघालेल्या आपल्या सचित्र हग्गादेत मत्सा भाजणाऱ्या बायका लुगड्यातच आहेत. त्या हग्गादेची हुबेहूब आवृत्ती १९६८ साली इथे न्यूयॉर्कला निघाली, ती आमच्या संग्रही आहे. वीस वर्षांनीही आमची पणजी तशाच लुगड्यात आहे. त्यावरून साल कसे काढावे? पण त्या बाईंनी कडेच्या मुलीवर बोट ठेवले. तिचा झगा इंग्रजी धर्तीचा, आणि बाही खांद्याशी भोपळ्यासारखी फुगलेली. अशा बाह्यांचा कळस १८९५ च्या आगेमागे झाला. मुंबईत केहिमकरांनी १८७५ साली काढलेल्या इस्राएली शाळेत तोवर आपल्या मुली शिकू लागल्या होत्या. झगा घालून दप्तर घेऊन जाणारी पोर आपल्या समाजात नवल राहिली नव्हती.

पाचवी गोष्ट घरचीच. आजोबांचा जन्म शके १८०९ मधला, म्हणजे १८८७-८८ चा. जुन्या तफिल्ल्याच्या पुस्तकात तशी नोंद आहे. फोटोत ते सातएक वर्षांचे दिसतात. बेरीज केली की १८९४-९५ येते.

मागची बाजू आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती. चाळीस वर्षे ती भिंतीकडे तोंड करून होती. तिच्यावर शिसपेनीने दोन लिप्यांत लिहिले आहे. नावे मोडीत, आणि खाली हिब्रू अक्षरांत वर्ष. फोटो पुढून उजव्या बाजूला कापला, म्हणजे पालथा केल्यावर तो डाव्या बाजूला कापलेला दिसतो. मोडी डावीकडून लिहितात, म्हणून प्रत्येक नावाचे सुरुवातीचे अक्षर गेले आणि नुसती "…जी", "…बाई" अशी शेपटे उरली. हिब्रू उजवीकडून लिहितात, म्हणून तिथे शेवटचे अक्षर गेले. उरली तीन: ताव, रेश, नून. चारशे, दोनशे, पन्नास. म्हणजे वर्ष ५६५० ते ५६५९ मधले काहीतरी, इंग्रजी १८८९ ते १८९९. एकक कात्रीने नेला.

मोडी वाचायला आम्ही पुण्याच्या एका जाणकारांना फोटोची मागची बाजू पाठवली. त्यांनी उत्तरात लिहिले, "ओळी आठ आहेत. फोटोत माणसे किती?"

आम्ही पुन्हा मोजली. सात. आणि एक हात.

कामवालीचे नाव घराण्याच्या यादीत कोणी लिहीत नाही. हे कळायला इतिहासाचा मास्तर असण्याची गरज नाही, पण आम्हांला ते कळायला सत्तरी उलटली.

आम्ही फोटोच्या प्रती इस्राएलमधल्या नातलगांना पाठवल्या. एकाकडून दुसऱ्याकडे फिरत त्या लोदला राहणाऱ्या एका बाईंपर्यंत गेल्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे नाव इथे देत नाही, त्यांचीच तशी इच्छा आहे. एका शाबाथनंतर रात्री त्यांचा फोन आला. स्वच्छ, आपल्या अलिबागकडची मराठी.

"भाऊ, तुमच्याकडे हात आहे. बाई माझ्याकडे आहे."

त्यांच्याकडे त्याच काचेवरून काढलेली दुसरी प्रत होती, न कापलेली. पुढे ती आमच्या हाती आली. उजव्या कडेला बाई उभी आहे. ठेंगणी, नाकात नथ, डोक्यावर पदर, एक हात मुलीच्या खांद्यावर. थोरल्या मुलाची बायको. झग्यातली मुलगी तिची लेक, आणि ती लेक म्हणजे लोदच्या ताईंच्या आईची आई. मागे आठ नावे पूर्ण आहेत आणि वर्षाचे चौथे अक्षरही आहे: हे, म्हणजे पाच. ५६५५. इंग्रजी १८९४ च्या ऑक्टोबरपासून १८९५ च्या सप्टेंबरपर्यंत. आमचा हिशेब बरोबर आला होता. एरवी आम्ही आनंदाने टाळी वाजवली असती.

आम्ही विचारले, "ताई, मग आमच्या प्रतीतून त्यांना कापले का?"

ताई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या काळ्यांच्या घरातल्या होत्या ना, भाऊ."

वाचकहो, आपल्या वयाच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. पण नातवंडे वाचतील म्हणून लिहितो. आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. तो कातडीच्या रंगाचा नव्हता. ज्यांच्या आईचे कूळ बेने इस्राएल नाही असे मानले जाई, त्यांची मुलेबाळे पिढ्यान्‌पिढ्या काळी. बेटीव्यवहार नाही, मशिदीत मान वेगळा. केहिमकरांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आपला इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापून निघाला, त्यातही या दोन फळ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे आमचा फोटो निघाला तेव्हा हा भेद चांगला जिवंत होता.

आणि तरीही सुभेदारांनी तिला फोटोत उभे केले. ताईंच्या आजीने त्यांना लहानपणी सांगितलेले असे: थोरल्याने हट्टाने लग्न केले, भाऊबंद दुरावले, पण फोटोग्राफरकडे जायचे ठरले तेव्हा म्हाताऱ्याने स्वतः सांगितले की दोन्ही सुना येतील. नावेही आठच्या आठ लिहिली गेली. कापाकापी पुढची. म्हातारा गेल्यावर घर फुटले, आमच्या शाखेतल्या मुली लग्नाच्या झाल्या, बैठकीत बघायला माणसे येऊ लागली. भिंतीवर ती बाई नको होती. कात्री कोणाच्या हातात होती, हे विचारायला आता कोणी उरले नाही. चौकट तेवढ्याच मापाची करून घेतली होती, एवढे आम्ही पाहिले.

इथे लेख संपला असता तर बरे झाले असते. पण ताईंनी पुढे जे सांगितले तेही लिहिले पाहिजे.

१९६२ साली इस्राएलमध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत आदेश काढले: आईची आई, तिची आई, असे मागे मागे जाऊन कूळ तपासावे. आपल्या लोकांनी त्याविरुद्ध केवढा लढा दिला ते आपण जाणता. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणे धरले, आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने जाहीर केले की बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदी आहेत. त्याच काळात ताईंचे लग्न ठरले होते. कचेरीत त्यांच्या आईच्या आईच्या आईचा पुरावा मागितला. ती आई म्हणजे हीच, फोटोतली. ताई फोटो पिशवीत घालून घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने तो बघितला आणि परत दिला. फोटो म्हणजे कागद नव्हे. मग ताईंच्या वडिलांनी हिंदुस्थानात आमच्या घरी पत्र लिहिले: तुमच्या घराण्याने एवढेच लिहून द्यावे की ही बाई आपल्या घरची सून होती, लग्न आपल्या रीतीने झाले होते.

ताई म्हणाल्या, "उत्तर आलं नाही. लग्न दीड वर्ष थांबलं. पण झालं हो, चांगलं झालं."

आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. इस्राएलचे निळे एरोग्राम आले होते, हे आम्हांला स्पष्ट आठवते, कारण तिकिटासाठी आम्ही ते मागितले होते. वडिलांनी ते वाचले, घडी घातली आणि कपाटात वर ठेवले. म्हणाले, "कोणी अनोळखी आहे." त्याच आठवड्यात मशिदीबाहेर मोठी माणसे रब्बींच्या आदेशावर संतापून बोलत होती: आम्हांला आमचे कूळ विचारणारे हे कोण? त्यांत आमचे वडीलही होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. गरिबाला रित्या हाताने पाठवीत नसत. त्यांना वाटले असेल की मुलींची लग्ने व्हायची आहेत, जुने कशाला उकरा. पण जो प्रश्न परक्याने विचारला म्हणून आपण रस्त्यावर उतरलो, तोच प्रश्न आपल्या घरात आपण कात्रीने सोडवला होता, आणि त्याची किंमत लोदमधल्या एका बावीस वर्षांच्या मुलीने मोजली.

आम्ही ताईंना फोनवर म्हणालो की त्या पत्राचे उत्तर आम्ही आता देतो. त्या हसल्या. म्हणाल्या, "आता कोणाला दाखवू?" तरी आम्ही लिहिले. एका कागदावर, सहीनिशी: ही बाई आमच्या घराण्याची थोरली सून होती, आमच्या खापरपणजोबांनी तिला आपल्या शेजारी उभे करून फोटो काढला, त्याचे वर्ष ५६५५. तो कागद ताईंनी त्यांच्या प्रतीच्या मागे ठेवला आहे.

मध्यंतरी आम्ही लेकीकडे टेक्सासला गेलो होतो. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीच्या डीगोलियर लायब्ररीत विल्यम जॉन्सनने काढलेली पश्चिम हिंदुस्थानची छायाचित्रे आहेत. हा जॉन्सन मुंबईचा. मुंबईच्या जातीजमातींची छायाचित्रे त्याने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्याची एक युक्ती जाणकारांना ठाऊक आहे: माणसांचा फोटो एकीकडे काढायचा, त्यांच्या आकृत्या कापायच्या आणि दुसऱ्याच जागेच्या देखाव्यावर बसवायच्या. चित्रात देऊळ किंवा तलाव दिसला म्हणून ती माणसे तिथे उभी होती असे नाही. आमच्या फोटोतले खांब आणि कठडाही रंगवलेल्या पडद्यावरचे आहेत. खरा फक्त हात होता, आणि आम्ही तोच पाहत नव्हतो.

तुमच्या पेटीतही असे फोटो असतील. हाताशी वेळ आहे तोवर ते बाहेर काढा. चौकटीतून जपून सोडवा, पुठ्ठा चिकटला असेल तर ओढू नका. चिकटपट्टी लावू नका. पुठ्ठा मोजा, कडा बघा, मागची बाजू बघा आणि तिचाही फोटो काढून ठेवा. लिहायचे तर मऊ शिसपेनीने, कडेला. बॉलपेन नको, त्याची शाई पुढे उमटते. जे नक्की माहीत आहे ते आणि जे नुसते ऐकले आहे ते वेगवेगळे लिहा. माणसे मोजा आणि नावे मोजा. आकडे जुळले नाहीत तर घरातल्या सर्वांत वडील माणसाला आजच फोन करा, पुढच्या रोश हाशनाची वाट बघू नका. आपल्या पिढीनंतर या चेहऱ्यांना नाव देणारे कोणी उरणार नाही. नातवंडे मराठी बोलतील कदाचित, मोडी वाचणार नाहीत.

आमच्या भिंतीवर आता लोदहून आलेल्या प्रतीची नक्कल लावली आहे, आठही माणसांची. कापलेली प्रत फेकली नाही. तिच्या शेजारीच, त्याच जुन्या चौकटीत ठेवली आहे. पाहुणे विचारतात, दोन कशाला? मग आमची नात त्यांना पुढे बोलावते आणि आधी हात दाखवते, मग बाई.